सिनेमात अंधार फार

मेकन, जॉर्जिया
१४ जानेवारी १९९४

चि. रेनिटा हिला आजीचा भरपूर आशीर्वाद आणि डोक्यात एक टपली. टपली कशाबद्दल ते खाली येतंय.

तुझी कॅसेट पोचली. डबा चेपला होता, आतली फीत शाबूत होती. चर्चमधली सिस्टर अर्लीन बॅटल आली होती, तिच्याबरोबर बसून पाहिली. न्हाव्याच्या दुकानाची गोष्ट चांगली आहे. तो म्हातारा न्हावी बोलतो ते अगदी आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातल्यासारखं, निम्मं खरं आणि निम्मं गिऱ्हाइकाला बसवून ठेवायला. पण पोरी, सिनेमात अंधार फार. बोलणं ऐकू येतं, कोण बोलतंय ते दिसत नाही. पुढच्या वेळी जरा उजेडातला पाठव.

तुझी आई दर रविवारी फोनवर माझ्या डोळ्यांच्या मागे लागलीय. नाताळात माझी गाडी चर्चच्या फुलांच्या वाफ्यात गेली, ही बातमी अर्लीननेच क्लीव्हलँडला पोचवली. तो वाफा आधी तिथे नव्हताच. नव्या पाळकांनी पुढे सरकवलाय. आता डेल्फीन म्हणते, ईस्टरला मी येतेय, तोवर डोळे तपासून घेतले नाहीस तर घराला कुलूप लावून तुला इकडे घेऊन येणार. मी काय कपड्यांची पिशवी आहे, उचलली आणि बसमध्ये टाकली? हे घर तुझे आजोबा लोनी आणि मी मिळून उभं केलं. भिंतीच्या ओल्या रंगाला हात लावू नकोस म्हणून त्यांनी ओरडायचं आणि मी हात लावायचा, असं. त्या हाताच्या डागासकट मला ते पाहिजे. तुमच्या बर्फात खिडकीशी बसून मी काय मोजू? तिला सांग, आईचे डोळे ठीक आहेत, सिनेमे काळोखे आहेत.

आणि हे काही आजचं नाही. आम्हा काळ्यांना थिएटरात खाली बसू देत नसत, बाजूच्या जिन्याने वर जायचो, माळ्यावर बसायचो. पडद्यावर गोरी बाई सोललेल्या अंड्यासारखी चमकायची. मागे ट्रे घेऊन आपली कोणीतरी उभी असायची, तिचा फक्त एप्रन दिसायचा. दिवे तिच्यासाठी लावलेलेच नसायचे. फोटोतही तेच. माझ्या लग्नाचा फोटो तू पाहिलायस. माझ्या डोक्यावरची जाळी दिसते, लोनीची कॉलर दिसते. मधे लग्न कोणाचं झालं ते देवाला ठाऊक. तेव्हा अंधाराची मला सवय आहे, त्यासाठी डॉक्टर लागत नाही.

दोन रिंगांची पद्धत मात्र मोडू नका. परवा हवामान सांगायला आपला एक तरुण आला तेव्हा मी दोन रिंगा देऊन फोन ठेवला, तुमच्याकडून काहीच नाही. टीव्हीवर आपला माणूस दिसला की दोन रिंगा, उचलायचं नाही, बिल येत नाही. तुझी आई या घरातून गेल्यापासून हे चालू आहे. ते हवामान जॉर्जियाचं होतं, तुमच्याकडे दिसणार नव्हतं, हे मला नंतर सुचलं. तरी.

आता टपली. सिनेमा संपल्यावर सगळी नावं सरकून जाईपर्यंत तू आईला बसवून ठेवतेस म्हणे. ती बाई पहाटे चारला उठून शहराची बस चालवते. नावं वाचून काय पोट भरतं? सदरा कोणी शिवला ते आपण विचारतो का?

माया आहेच. ती तशीच राहायला पत्र लागतं, तेव्हा लिहीत जा.

तुझी आजी,
ओझेला प्रुइट


क्लीव्हलँड, ओहायो
२५ जानेवारी १९९४

ति. आजीला रेनिटाचा वाकून नमस्कार. टपली पोचली, अजून चोळतेय.

फोन आला होता, आजी. आम्ही सगळे चॅनेल फिरवले. शेवटी साबणाच्या जाहिरातीत एक आपलं बाळ सापडलं. आईने ठरवलं की तेच, आणि आम्ही बाळाचं कौतुक करून झोपलो.

नावांचं सांगते. शुक्रवारी रात्री आई गरम पाण्याच्या टबात पाय सोडून बसते, मी मासे आणि ब्रेड घेऊन, आणि दुकानातून आणलेली कॅसेट लागते. आईला सिनेमा गप्प बसून बघता येत नाही, हे तू जाणतेसच, तुझ्याकडूनच आलंय. अगं दार नको उघडूस, मेला आतच बसलाय, असं ती टीव्हीला सांगते, आणि टीव्हीतली बाई दार उघडते, आणि आई म्हणते, मर मग. तर एका शुक्रवारी माझे दोन्ही हात तेलकट होते म्हणून कॅसेट थांबवता आली नाही. नावं सरकत राहिली. आईने एक नाव मोठ्याने वाचलं. मी विचारलं, हा आपला आहे का? ती म्हणाली, कोणाला माहीत, नावाला तोंड नसतं.

ते माझ्या डोक्यातून जाईना. मी कामाला आहे त्या कॅसेटच्या दुकानाचे मालक, मिस्टर होझिया, त्यांना विचारलं. ते इतके हसले की चष्मा काढून पुसावा लागला. मला मागच्या भिंतीशी नेलं. तिथे एक अख्खं कपाट आहे, धूळ खात. म्हणाले, पोरी, समोर कोण आहे ते बघायला तुम्ही सगळे धावत येता, कॅमेऱ्यामागे कोण उभं होतं हे या दुकानात तू पहिल्यांदा विचारलंस. आजी, मूकपट होते तेव्हापासून आपली माणसं स्वतःचे सिनेमे करत आलीत. लिहिणारे आपले, दाखवणारे आपले. चर्चच्या हॉलमध्ये, तंबूत, मिळेल तिथे दाखवायचे. आणि आपण ट्रे घेऊन आलेल्या एका बाईसाठी दोन रिंगा देत बसलो.

आता दर शुक्रवारी त्या कपाटातली एक. न्हाव्याचा सिनेमा त्यातलाच. आई कुरकुरते, पण मागच्या आठवड्यात तिनेच मला दटावलं, बंद करू नकोस, कपडे कोणी शिवलेत ते येऊ दे. तेव्हा सदऱ्याचं उत्तर तुझ्या लेकीनेच दिलं.

सोबत नवी कॅसेट. कॉर्लिस टेट नावाच्या बाईने केलाय हा सिनेमा, आणि कॅमेरा चालवलाय अँब्रोज गेन्स यांनी. दोघंही आपले. गोष्ट दोन बहिणींची, नदीकाठी मासे तळून विकतात. याहून जास्त एक शब्द सांगत नाही. बघ आणि लिही.

डोळ्यांचं आईशी भांडत बसू नकोस. एकदा दाखवून टाक.

तुझीच, आणि तुझ्यासारखीच हट्टी,
रेनिटा


मेकन
९ फेब्रुवारी १९९४

चि. रेनिटा हिला आशीर्वाद. टपली या वेळी नाही, हात दुखतोय.

पाहिला तुझा सिनेमा. अर्लीन सोबतीला होती, पाउंड केक घेऊन आली होती, जाताना उरलेला परतही घेऊन गेली.

त्या बहिणी भांडतात ना, मला वाटलं माझ्याच स्वयंपाकघरात बसलेय. धाकटीला शहरात जायचंय, थोरली धड बोलत नाही, नुसती भांडी आपटते. मी धाकटीला दोनदा ओरडून सांगितलं, आधी जेव आणि मग भांड. अर्लीन म्हणाली, मदर प्रुइट, तिला ऐकू जात नाही. मी म्हटलं, मला माहितीय, तू गप बस.

पण अंधार! याही सिनेमात तोच. एक पिवळा झगा इकडून तिकडे जातो, पाण्यावर काहीतरी चमचमतं, बाकी सगळं धुक्यात. तोंड म्हणून एकाचं दिसलं नाही. तुझ्या त्या टेटबाईंना आणि गेन्सना म्हणावं, परक्यांनी अंधारात उभं केलं ते केलं, तुम्ही आपले असून तेच करता? बल्ब वाचवले का?

आणि शेवट तर हद्द झाली. धाकटी पिशवी घेऊन येते, विचारते, जाऊ का? पुढे काय, तर तेलाचा चर्र आवाज. चर्र, चर्र, चर्र. मग गाणं, आणि खलास. थोरली हो म्हणाली की नाही म्हणाली? गेली की राहिली? तिकिटाचे पैसे घेऊन अर्धाच सिनेमा केला बाईने. अर्लीनला विचारलं तर ती रुमालात नाक शिंकरत होती, म्हणे किती सुंदर शेवट. म्हणे थोरलीच्या ओठाजवळ तीळ आहे, तो तेवढा हलला. मी म्हटलं, तुला नेहमीच नसलेलं दिसतं, मागे टोस्टवर येशूचं तोंड दिसलं होतं.  त्यावर ती बराच वेळ माझ्याकडे बघत होती असं वाटलं. नक्की सांगता येत नाही, तिच्या बाजूला उजेड कमी होता.

बाकी ठीक. गाडी हल्ली काढत नाही, चालल्याने तब्येत बरी राहते. चर्चच्या गायकांच्या मरून झग्यांच्या कडा मी शिवल्या, तर दुकानदाराने मरून म्हणून हिरवा दोरा गळ्यात मारला. अख्खा रविवार ती मंडळी नाताळच्या झाडासारखी उभी होती. माणसं किती फसवतात बघ.

लहानपणी एकदा आमच्या चर्चच्या हॉलमध्ये एक माणूस पडदा आणि मशीन घेऊन आला होता. सगळी आपलीच माणसं त्यात, डॉक्टर आपला, पोलीसही आपला. आम्ही पोलिसाला बघूनच हसत सुटलो. तो सिनेमा कोणी केला ते विचारावं, असं कोणाच्या मनात आलं नाही. तू म्हणतेस त्यात काहीतरी आहे. पण बल्ब लावा म्हणावं.

तुझ्यावर जीव आहे, अंधारातसुद्धा.

आजी


क्लीव्हलँड
१८ फेब्रुवारी १९९४

ति. आजी, नमस्कार. आज थट्टा करत नाही, तेव्हा तूही करू नकोस.

तुझं पत्र वाचून मी तो सिनेमा पुन्हा लावला. दुकानात, दिवसाढवळ्या, मिस्टर होझियांना शेजारी बसवून. थोरलीच्या ओठाजवळ तीळ आहे. सिस्टर अर्लीनला नसलेलं काही दिसलेलं नाही.

आजी, त्या सिनेमात अंधार नाही.

मिस्टर होझियांकडे एका जुन्या मासिकात गेन्स यांची मुलाखत आहे. त्यांची आई म्हणायची, माझ्या लेकराचा एक फोटो धड नाही, सगळ्यांत दात तेवढे माझ्या लेकराचे. म्हणून ते कॅमेऱ्याकडे वळले. दिवा कधी थेट तोंडावर मारायचा नाही. दोन्ही बाजूंना पांढऱ्या चादरी बांधायच्या, दिव्याचा उजेड चादरीवर टाकायचा आणि तिथून तो परत तोंडावर येऊ द्यायचा. गालांवर बोटभर व्हॅसलीन, म्हणजे कातडी उजेड धरते. आणि जो सगळ्यात काळा असेल तो आधी उभा करायचा. त्याचे डोळे दिसेपर्यंत दिवे हलवायचे, मग बाकीचे. तू जो अंधार म्हणतेस ना, त्या माणसाने जन्मभर तोच घालवला. आईने तर सिनेमा बघता बघता टबातून पाय बाहेर काढले. म्हणाली, अगं ही आपली माणसं सकाळी मागच्या दारातून ऊन आल्यावर दिसतात तशी दिसतायत.

तुला ते धुकं वाटलं. मरून आणि हिरवा तुला सारखा वाटला. वाफा सरकलेला नाही.

तू म्हणशील, सिनेमे काळोखेच असायचे. असायचे, आजी. म्हणून तर तुला कळलं नाही. दुसऱ्या कोणाला पहिल्याच दिवशी कळलं असतं की डोळ्याचं काहीतरी झालंय. तुला वाटलं, हे तर नेहमीचंच.

आईला मी काही बोललेले नाही. बोलले तर ती ईस्टरपर्यंत थांबणार नाही, आणि कुलूपही घेऊन येईल. तूच आधी डॉक्टरकडे जा. सिस्टर अर्लीनला घेऊन जा. घर तुझं राहावं असं तुला वाटतं ना? मग घर दिसायला नको का?

काळजीत असलेली,
रेनिटा


मेकन
२४ फेब्रुवारी १९९४

रेनिटा,

कॅमेऱ्याचा क्लास लावलास की डॉक्टरीचा?

मी सहावीपर्यंत शिकले, पण माझ्या तोंडावर डोळे आहेत की नाहीत हे मला कळतं. आणि ऐक. माझ्या आईला काउंटीच्या सरकारी दवाखान्यात नेलं होतं, डोळ्यांसाठी. आपल्या लोकांचा वॉर्ड तळघरात. पट्टी बांधून घरी पाठवली. सांगितलेला दिवस आला तसं मावशीने पट्टी सोडली. आई बसून राहिली. थोड्या वेळाने म्हणाली, सोड ना आता. सोडून तर झाली होती.

नंतरची सगळी वर्षं ती दारात खुर्ची टाकून बसायची आणि पावलांवरून ओळखायची. मी पाऊल वाजवत यायचे, तिला बरं वाटावं म्हणून. तेव्हा तुझ्या चादरी आणि व्हॅसलीन मला सांगू नकोस. जेवढं दिसतं तेवढं मला पुरतं.

कोणाला काही सांगायचं नाही.

आजी

ता. क. तो तीळ कुठल्या बाजूला आहे?


क्लीव्हलँड
३ मार्च १९९४

ति. आजी, नमस्कार. तुझ्या आईचं मला कोणी कधी सांगितलं नव्हतं. पत्र घडी करून ठेवलं आणि दुकानात दिवसभर चुकीच्या कॅसेटी दिल्या.

तीळ डाव्या बाजूला आहे, ओठाच्या खाली. थोरली रागावली की आत जातो.

मी तुला ऑपरेशनचं काही सांगणार नाही. वचन. फक्त सिनेमाचं सांगते. तू लिहिलंस, बाईने अर्धाच केला. पूर्ण केलाय. धाकटी विचारते, जाऊ का? थोरली बोलत नाही, कारण तिचं उत्तर तोंडावर आहे. तेल चर्र करतंय तेवढा सगळा वेळ कॅमेरा तिच्या तोंडावरून हलत नाही. त्यात सगळं येतं. हो की नाही, गेली की राहिली, सगळं.

ते काय आहे, हे मी सांगणार नाही. आईला विचारलंस तरी ती सांगणार नाही, मी तिला बजावलंय. कशासाठी ते तिला माहीत नाही, पण तिला गुपितं आवडतात. सिस्टर अर्लीनशीही बोलले. त्यांनी बायबलवर हात ठेवलाय.

सिनेमाचा शेवट न कळता तू किती दिवस राहतेस ते बघू.

तुझी दुष्ट नात,
रेनिटा


मेकन
२१ मार्च १९९४

चि. रेनिटा हिला आशीर्वाद देते, पण मनापासून नाही.

तू तुझ्या आजोबांवर गेलीस. ते पण असेच, अर्धी बातमी सांगून झोपायचे.

अर्लीनला खोदून खोदून विचारलं. ती भजनं म्हणायला लागते. तिच्यासाठी पीच कॉबलर केलं, दोन वाट्या खाल्ल्या आणि बायबल, बायबल करत घरी गेली. पाळकांना कॅसेट दिली, म्हटलं, बघा आणि मला शेवट सांगा. त्यांनी पाहिली, रविवारी प्रवचनात त्या बहिणींचं उदाहरण दिलं, आणि सगळ्या चर्चला म्हणाले, शेवट मी सांगत नाही, ज्याने त्याने बघावा. मला वाटतं तू त्यांनाही फोन केलास. मग मी टीव्हीला नाक लावून बसले. नाक लावल्यावर ठिपके दिसतात आणि नाक गरम होतं. थोरलीचं तोंड काही दिसलं नाही.

दोन आठवडे मी हे सोसलं. मग अर्लीनला म्हटलं, गाडीत बस, चालव तू.

डॉक्टर आपलीच पोरगी निघाली. पेटवे नाव, फोर्ट व्हॅलीकडची, बोटांत अंगठ्या. दवाखान्याला पुढचं दार, सगळ्यांना एकच. मी आधी तेच बघून घेतलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, पिकलाय. तिने विचारलं, मदर प्रुइट, इतके दिवस कळलं कसं नाही? मी म्हटलं, मला वाटलं आपल्या लोकांवर दिवे टाकत नाहीत. मला वाटलं हसेल. हसली नाही. म्हणाली, माझ्या शाळेतल्या वर्गाच्या फोटोत मी कुठली ते माझी आई वेणीच्या फितीवरून ओळखते.

आईचं सगळं तिला सांगितलं. तळघराचंही. मला घाई असते तशी तिला नव्हती. मग म्हणाली, मी हात धरून आत नेईन आणि हात धरून बाहेर आणीन, पट्टी दुसऱ्या दिवशी मी स्वतः सोडीन. सुई तुझ्याच हातात असणार ना, विचारलं. हो म्हणाली. मी तिची बोटं चाचपून बघितली. थरथरत नाहीत. शिवणाऱ्या बाईला बोटं कळतात.

तर मंगळवारी, २९ तारखेला, एक डोळा. डेल्फीन ईस्टरला यायच्या आत उरकून टाकते. तिला सांगायचं नाही. दिसलं तर तिला कुलुपाची गरज नाही, नाही दिसलं तर मग न्या मला कुठेही, मला कळणार नाही मेकन की क्लीव्हलँड.

भीती वाटते. एवढंच लिहिते, पुन्हा लिहिणार नाही.

आजी

ता. क. त्या पेटवे पोरीने तो सिनेमा पाहिलेला नाही. विचारलं होतं.


क्लीव्हलँड
२५ मार्च १९९४

ति. आईस डेल्फीनचा नमस्कार, आणि आता जरा ऐकून घे.

तुझं पत्र रेनिटाने कॅसेटच्या डब्यात खोचलं होतं. डबा उघडला, पत्र पडलं, मी वाचलं. लाज वाटत नाही. आजी आणि नात मिळून माझ्या पाठीमागे डोळे कापायला निघालात आणि लाज मला वाटावी?

मी सोमवारीच निघतेय. रजा मंजूर झालीय. साहेब म्हणाला, ईस्टरच्या आठवड्यात बस कोण चालवणार? मी म्हटलं, तुम्हाला येत असेल तर तुम्ही.

कुलूप आणत नाही. मी ते रागात बोलले होते. तुला उचलून आणायचं नव्हतं ग. फोनवर तू ठीक आहे, ठीक आहे म्हणतेस आणि अर्लीनमावशी वाफ्याचं सांगते, मधल्या अंतरात मी काय करू? रात्री बस डेपोत लावते तेव्हा तुझाच विचार असतो.

शेवट मीही सांगणार नाही. फक्त एवढं सांगते, की तो सिनेमा बघताना मी टबातून पाय काढले ते उजेड बघून नाही. रेनिटाला कळलेलं नाही. ते तोंड मी आधी पाहिलंय. सहासष्ट साली, मेकनच्या बसथांब्यावर, खिडकीतून.

मंगळवारी बाहेरच्या बाकावर असेन. आत जाताना माझ्यावर ओरड, म्हणजे बरं वाटेल.

तुझी,
डेल्फीन


मेकन
५ एप्रिल १९९४

चि. रेनिटा हिला आजीचे एका डोळ्याने आशीर्वाद. दुसरा पुढच्या महिन्यात उघडेल, तेव्हा उरलेले.

बुधवारी सकाळी दोन रिंगा कोणासाठी होत्या म्हणून तू कार्ड टाकलंस. थांब, सांगते. आधी सिनेमाचं.

काल संध्याकाळी बघितला. तुझी आई, अर्लीन, मी. पहिल्या मिनिटाला मी म्हटलं, कॅसेट बदलली का? नदीला रंग होता. पिवळ्या झग्याच्या वर तोंड होतं! थोरलीच्या कपाळावर घामाचे थेंब, आणि गालावर उजेड असा की हात लावला तर बोटाला लागेल. तुझ्या गेन्सना मी जे बल्बचं बोलले ते मागे घेते. त्यांना कळवता आलं तर कळव, नाहीतर राहू दे, मनातल्या मनात मागे घेतलंय.

मग शेवट आला. धाकटीने विचारलं, जाऊ का? चर्र सुरू झालं. मी पुढे सरकून बसले. आणि ती थोरली, रेनिटा, ओठ दाबलेले, तीळ आत गेलेला, तोंडाने नुसती चिडलेली. आणि डोळे म्हणतायत, जा बाई, पळ, मागे बघू नकोस, आणि पोचलीस की कळव. दोन्ही एकाच तोंडावर. एक शब्द नाही. बोलायची गरजच काय होती? मी उगाच टेटबाईंना अर्धा सिनेमा म्हणाले.

मी डेल्फीनला विचारलं, मी अशी दिसत होते का त्या दिवशी बसथांब्यावर? म्हणाली, हुबेहूब, फक्त हातात झारा नव्हता. मी म्हटलं, मग बसमध्ये चढलीस कशी? म्हणाली, डोळ्यांकडे बघून. अर्लीन पुन्हा रुमालात शिरली. तिला म्हटलं, पुरे, केक काप. तिने कापला, आणि या वेळी उरलेला ठेवून गेली.

संपल्यावर, मी दमले असेन म्हणून, तुझी आई कॅसेट बंद करायला उठली. मी म्हटलं, खाली बस, शिवणारे येतायत. नावं भराभर पळतात, माझं वाचन सावकाश, म्हणून तिने थांबवत थांबवत दाखवली. मी एकेक मोठ्याने वाचलं आणि अर्लीनने प्रत्येक नावाला आमेन म्हटलं. मासे तळणाऱ्याचंसुद्धा नाव आहे ग! ते बरोबर केलं.

झग्यांच्या कडा उसवून परत शिवल्या. दुकानदाराची माफी मागायची होती, पण तो वजनात फसवतोच, म्हणून नाही मागितली. वाफा आहे तिथेच आहे. गाडी उन्हाळ्यापर्यंत अर्लीनच चालवेल, आणि मी शेजारी बसून तिला शिकवीन.

आणखी एक. घरी आल्यावर नव्या डोळ्याने पहिल्यांदा लग्नाचा फोटो खाली काढला. खिडकीशी नेला, चष्मा लावला, पुसला. जाळी दिसते, कॉलर दिसते. लोनी अजूनही अंधारात. तेव्हा तुम्ही सगळ्यांनी लक्षात ठेवा, मी अगदीच काही चुकले नव्हते.

म्हणून तू सुटीत ये. कॅमेरा आण. चादरी माझ्याकडे आहेत, पांढऱ्याशुभ्र, नीळ घातलेल्या. व्हॅसलीनही आहे. अंगणात उभी राहीन, आईला आणि अर्लीनला शेजारी घेईन. त्यात सगळ्यात काळी मीच, तेव्हा दिवे माझ्यावरून लाव. आणि शेवटी नावं घाल, मी बसून वाचीन.

तुझी आई आज सकाळच्या बसने निघाली. मी थांब्यावर गेले होते. तोंड कसं केलं होतं ते तिला विचार.

आता रिंगांचं. बुधवारी टीव्ही बंद होता. तू चॅनेल फिरवून दमली असशील, त्याबद्दल माफ कर. पेटवे पोरीने पट्टी सोडली. मी आपलं पहिल्यांदा विचारून घेतलं, सोडली का? सोडली म्हणाली, डोळे उघडा. समोर तुझी आई उभी होती. कानामागचे केस पांढरे झालेत तिचे, कधी झाले? हनुवटीला लोनीची खळी, बस चालवून डोळ्यांखाली वळ्या, आणि खिडकीतून ऊन नेमकं गालावर. कोणी चादरी बांधल्या नव्हत्या, तरी एकेक रेघ दिसत होती.  दाराशी फोन होता, तिथे गेले आणि तुमचा नंबर फिरवला. दोन रिंगा दिल्या आणि ठेवला.

आपला माणूस दिसला की मला तेवढंच सुचतं.

तुझी आजी,
ओझेला